टाचणी नावाची गायिका

कोणी कुठेही गायलं आणि त्याची रेकॉर्ड निघाली, की तो माणूस फिरत फिरत शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत यायचा आणि ओळखवालीच्या कानाशी बसायचा. ती हेडफोन चढवायची, डोळे मिटायची, खालच्या ओठाची साल दातांनी सोलत ऐकत राहायची. मग उठून तोंडावर पाणी मारायची आणि चार-पाच वाक्यांत त्या माणसाची ओळख लिहायची. कंपनी तेच विकायची. विमानात खुर्चीसमोरच्या पडद्यावर, रेडिओवर दोन गाण्यांच्या मधल्या जागेत, फोनमध्ये गाण्याखाली बारीक अक्षरांत जे वाचायला-ऐकायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं तिच्या टेबलावरून गेलेलं असायचं. खाली तिचं नाव कुठेच नसायचं. कचेरीत चहावाल्यापासून साहेबांपर्यंत सगळे तिला ओळखवाली म्हणत. तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे.

तिने लिहिलं होतं: "डोंगरी मुलखातला ट्रकचालक. घाट उतरताना ब्रेक लागेल की नाही या धास्तीने गायला लागला. आता त्याच धास्तीवर लोक लग्नांत नाचतात."

तिने लिहिलं होतं: "बर्फाच्या बेटावरच्या दोघी बहिणी. भांडण झाल्यापासून एकमेकींशी बोलत नाहीत. बोलायचं असेल ते स्टेजवर, सुरात."

आणि खाणीच्या गावच्या रॅपरबद्दल: "श्वास न घेता इतका वेळ बोलतो की धाप ऐकणाऱ्याला लागते. बापाची फुप्फुसं दगडाच्या धुळीने गेली. हा त्यांच्या वाटणीचं बोलून घेतो."

यातलं एक अक्षर खोटं नसे. शेजारच्या टेबलावर तपासनीस बसायचा, त्याला सगळे खोडरबर म्हणत. त्याच्या हातून ओळख सुटणं म्हणजे चाळणीतून मोती गाळून घेण्यासारखं. कोणी 'मधासारखा आवाज' लिहिलं, तर हा समासात लिहायचा, "मध गातो का? पुरावा जोडा."

फक्त वर्षातून एकदा एक ओळख अशी जायची, जिला खोडरबर हात लावत नसे. कचेरीत तिला गळ म्हणत. हजारो ओळखींमध्ये एक साफ खोटी ओळख मिसळून द्यायची. नसलेला माणूस, नसलेलं गाणं. दुसऱ्या कंपन्यांनी चोरून उतरवून घेतलं, की त्यांच्याकडे हा नसलेला माणूसही उतरायचा, आणि चोर पकडला जायचा. या धंद्यातली ही जुनी रीत. गळ कोणता, हे फक्त साहेब, ओळखवाली आणि खोडरबर यांना माहीत असे. बाकी कोणाला त्याचा वासही लागू द्यायचा नाही.

या वर्षी गळ लिहायचा म्हणून ओळखवाली बसली, तेव्हा कानात कोणीच नव्हतं. हेडफोन टेबलावर उताणे पडलेले. नसलेल्या माणसाला ऐकायचं कसं? मग तिला आपली आई आठवली. बिचारीला जाऊन वर्षं झाली, आणि मेलेल्या माणसाकडून उसनं घेतलं तर कोण मागायला येतंय, असं तिच्या मनात आलं. तिने लिहिलं:

"टाचणी. खऱ्या नावाने गात नाही. आई शिवणकाम करायची. तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे आईला शब्द म्हणता यायचे नाहीत, मिटल्या ओठांनी नुसतं गुणगुणता यायचं. मुलगी गाणी तशीच शिकली. ठेका शिलाई मशीनचा. आजही गाण्याची शेवटची ओळ ती ओठ मिटून गुणगुणते. घर सोडून पुष्कळ वर्षं झाली."

लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं. आई घरात येऊन बसल्यासारखं.

गळाला मासा लागला. एका मोठ्या कंपनीने टाचणी जशीच्या तशी उचलली, वर आपल्या पदरची एक ओळ चिकटवली: गेल्या हिवाळ्यात टाचणीने अमुक एका बंदराच्या गावी, धक्क्याजवळच्या खानावळीत गाण्याचा कार्यक्रम केला. बंदराचं नावही ठोकून दिलं होतं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून सगळ्यांना चहा पाजला. वकील लावला. कोर्टाची तारीख पडली. तोवर टाचणीबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही, असं त्यांनी दार लोटून घेऊन दोघांना बजावलं.

त्याच आठवड्यात ती बाई आली.

जिन्यालगतच्या बाकावर ती बसून होती. मांडीवर कापडी पिशवी, गळ्यात मापाची टेप. घाईत काढायची राहिली असावी. ओळखवाली पाण्याची बाटली भरायला बाहेर आली, तशी ती उठली.

"ताई, टाचणीचं तुम्ही लिहिलंत ना? खाली बसतात त्या बाईंनी सांगितलं, वरती एकच जण लिहिते म्हणून."

"हो. म्हणजे कंपनी लिहिते. आपण कोण?"

"मी तिची आई."

ओळखवालीच्या हातातली बाटली भरून वाहायला लागली आणि पाणी तिच्या चपलेत गेलं, तरी तिला नळ बंद करायचं सुचलं नाही. तो त्या बाईनेच केला.

मग बाई बोलत राहिली. मोठ्याने नाही, बाह्या टाचताना बोलावं तसं, कामाकडे बघत. ती कपड्यांच्या एका दुकानात दुरुस्तीचं काम करते. उसवलेलं शिवायचं, लांब असेल ते आखूड करायचं. दुकानात रेडिओ चालू असतो. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदक टाचणीचं सांगायला लागला आणि हिच्या हातातली कात्री गिऱ्हाइकाच्या पँटवरून सरळ पुढे गेली.

"भरपाई लागली त्याची, लागू दे," ती म्हणाली. "पोर गाण्याच्या एका कंपूबरोबर गेली. दारात उभी राहून म्हणाली, आई, जाते. माझ्या तोंडात टाचण्या. एकेक काढून उशीला टोचेपर्यंत ती जिना उतरून गेलेली. आधी फोन यायचे. मग नंबर बंद झाला. पोलिसांत जाऊन आले, त्या कंपूतल्या लोकांना शोधून आले. कोणी म्हणे इकडे उतरली, कोणी म्हणे तिकडे. आणि आता तुम्ही लिहिलंत." तिने ओळखवालीचा हात धरला. बोटांची टोकं सुयांनी टोचून टोचून खरबरीत झालेली. "टाचणी. दुसरं काय नाव घेईल ती? तुम्हीच सांगा."

काचेच्या केबिनमधून साहेब बघत होते. त्यांनी भुवया वर केल्या, काय चाललंय म्हणून.

आणि ओळखवालीच्या तोंडून ते वाक्य गेलं. रोज कोणा ना कोणा वेड्या चाहत्याला फोनवर म्हणून म्हणून ते तिच्या जिभेवर गुळगुळीत झालेलं होतं. विचार करायच्या आधीच घरंगळलं.

"आम्ही कलाकारांचे पत्ते देत नाही."

बाईचा चेहरा असा उजळला, की ओळखवालीला तिच्याकडे बघवेना.

"म्हणजे आहे पत्ता."

"नाही, तसं नाही, मावशी. ऐका तरी—"

"असू द्या, ताई. नियम असतो, मला कळतं. तुमच्या नोकरीवर गदा नको. कुठेतरी आहे, एवढं समजलं, बास." ती पिशवी सावरत दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "त्या दुसऱ्या लोकांनी बंदराचं नाव दिलंय. त्यांना नियम नसेल. मी जातेच तिथे. मशीन विकायला काढलीय, शनिवारी गाडी आहे. खानावळीत विचारलं की कोणीतरी सांगेल." मग ती परत एक पायरी वर आली. "तुमच्या बाहीची शिवण गेलीय बघा काखेत. दुकानाच्या वरच राहते मी. शनिवारच्या आत आलात तर घालून देईन. पैसे नकोत." पिशवीतून दुकानाची एक चिठ्ठी काढून तिने तिच्या हातात ठेवली.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"तारखेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"साहेब, ती मशीन विकतेय. त्याच्यावर तिचं पोट आहे."

"त्या बंदराचं आपण लिहिलंय का? नाही ना? मग?"

"मुलगी तर आपणच लिहिलीय."

"हे बघ, उद्या ही बाई चार ठिकाणी बोलली, की त्यांचा वकील म्हणेल, आम्हाला आधीच कळलं होतं, आम्ही काढून टाकणारच होतो. केस गेली. आणि केस गेली तर कोणामुळे गेली, हे मला वेगळं शोधायला लागणार नाही." मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, "एक बाई चार दिवस खुशीत राहिली तर काय आभाळ कोसळतं?"

ओळखवाली जागेवर येऊन बसली. कानात एक नवीन गायक वाट बघत होता, कुठल्यातरी वाळवंटातला, लग्नात गाऊन पोट भरणारा. त्याने तीनदा गाणं म्हटलं आणि तिन्ही वेळा तिला त्यात मशीनची टकटक ऐकू आली. आपण आईला बोलावलं आणि दारात दुसऱ्याचीच आई येऊन उभी राहिली, असं तिला झालं. आता ना हिला घरात घेता येत, ना दार लावता येत.

शुक्रवारी दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती निघाली.

दुकानाच्या वरची खोली एकच, पण जागच्या जागी. दारालगत शिलाई मशीन चादरीत गुंडाळून दोरीने आवळून ठेवलेली, प्रवासाला निघालेल्या म्हाताऱ्या माणसासारखी. खिळ्याला खाकी कागदाच्या कापण्या टांगलेल्या. अंगाचं माप कागदावर कापून ठेवतात तशा, सगळ्यात आत बाहुलीएवढी बाही, तिच्यावर जरा मोठी, तिच्यावर त्याहून मोठी. सगळ्यात वरची बाही मोठ्या झालेल्या मुलीची होती. तिथून पुढे कागद नव्हता.

"आलात? बरं झालं. बसा, काढा ते जॅकेट. सुई-दोरा बाहेरच ठेवलाय, बाकी सगळं बांधलं." बाईने पलंगावरचा एक लोकरी कोट उचलून दाखवला. "हा तिला नेतेय. बंदरावर गारठा असतो म्हणतात. माप अंदाजाने धरलं. पण दोन्ही बाजूंनी भरपूर माया सोडलीय आत, ही बघा. जाड झाली असली तर उसवून वाढवता येईल. बारीक झाली असली तर मात्र पंचाईत."

ओळखवालीने कोटाच्या आतून हात फिरवला. शिवणीच्या आत चांगलं बोटबोट कापड राखलेलं होतं. कचेरीतून निघताना तिने बोलायची वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता हाताला लागेना.

"मावशी, टाचणी नाहीये."

बाई तशीच उभी राहिली. "गेली?"

"नाही, नाही. गेली नाही. ती कधी नव्हतीच. मी केली ती. लोक आमचं चोरतात, त्यांना पकडायला आम्ही एक खोटं माणूस घालतो. दरवर्षी. या वर्षी ती."

बाईने तिच्याकडे बघितलं. मग ती हसली.

"तिनेच सांगितलं ना असं सांगायला? रागावलीय अजून. लहानपणीही अशीच. रुसली की शेजारणीला पाठवायची, आईला सांग मी घरात नाही. आणि स्वतः पलंगाखाली."

"मावशी, तुमची शपथ घेते."

"मग टाचण्या तोंडात धरणारी आई तुम्हाला कुठून कळली?"

"ती माझी आई. माझी आईही शिवायची."

"सगळ्याच शिवणाऱ्या बायका धरतात तोंडात," बाई म्हणाली आणि थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिने कोटाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. "नाही. तुम्ही घाबरलाय नोकरीला. असं बसल्या जागी माणूस कोणी करू शकतं का? मला नऊ महिने लागले होते."

"मला येतं ते, दुर्दैवाने."

"मग करा. आत्ता, माझ्यासमोर. करून दाखवा."

ओळखवाली पलंगाच्या कडेवर बसली. तिला वाटलं, उठावं आणि जिना उतरून पळून जावं. पण दारात ती बांधलेली मशीन होती. तिने डोळे मिटले.

"एक नावाडी आहे," ती म्हणाली. "मोठ्या नदीवर. माणसं पलीकडे पोचवतो. आवाज खर्जातला. तो गातो, ते पलीकडच्या काठावरच्यांना स्पष्ट ऐकू येतं, अलीकडच्यांना नुसता घुमारा. डाव्या हाताची दोन बोटं दोरात अडकून गेली, म्हणून त्याने आपल्या वाद्याच्या दोन तारा काढून टाकल्या. धाकटा भाऊ त्याच नदीत गेला. तेव्हापासून तो शेवटची खेप रिकामी मारतो. होडीत कोणाला घेत नाही. पलीकडे जातो, जरा थांबतो, परत येतो."

खाली दुकानात कोणीतरी कापड फाडलं.

"लग्न?" बाईने विचारलं.

"केलं नाही."

"मग जेवणाखाण्याचं कोण बघतं त्याचं?"

"बहीण आहे. पण तिचे गुडघे गेलेत. ती काठापर्यंतच येते, डबा घेऊन."

"आणि तिला कोण?" बाईने डोळ्यांना बाहीचं टोक लावलं. "असते कुठे ती?"

"मावशी," ओळखवाली म्हणाली, "तो नाहीये. नदी नाही, बहीण नाही. आत्ता केला."

बाईच्या हातातली बाही डोळ्यांपाशीच राहिली. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, जशी काही तिथे मघाशी होडी लागली होती आणि आता नुसता चुना उरला होता.

"मला वाईट वाटलं त्याचं," ती म्हणाली.

"हो."

"असंच केलंत? तिला पण?"

"असंच."

ती खाली बसली. रडली नाही. रडली असती तर ओळखवालीला तिच्या पाठीवर हात तरी ठेवता आला असता. बाई बोलली, तेव्हा आवाज कोरडा होता, पाणी न लावता इस्त्री फिरवल्यासारखा.

"उद्या आला असतात तर काय बिघडलं असतं? मी गाडीत असते. खिडकीशी. हा कोट मांडीवर असता. एक दिवस उशिरा यायचं होतं हो, ताई. एवढं लिहिता तुम्ही, एवढं कळलं नाही?"

ओळखवालीने घसरलेला कोट उचलून पलंगावर ठेवला.

"तिथे जाऊन मग काय केलं असतं तुम्ही?" तिने हळूच विचारलं.

"शोधलं असतं. तिथे नाही म्हणाले असते तर पुढच्या बंदरावर गेले असते. बंदरं काय कमी आहेत?" बाईने मशीनकडे बघितलं. "मशीन घेणारा संध्याकाळी येणार आहे न्यायला, त्याला नाही म्हणून सांगीन. सोडा ती दोरी. माझ्या हाताला आत्ता जोर नाही."

दोघी मशीनपाशी बसल्या. गाठी घट्ट होत्या. बाईने बांधताना जीव लावून बांधल्या होत्या, परत सोडायच्याच नाहीत अशा. ओळखवाली नखांनी ओढत होती, बाई कात्रीचं टोक घालून सैल करत होती, आणि हात चालू झाले तसं तिच्या नकळत तिच्या नाकातून सूर निघायला लागला. जुनी सवय. पहिली ओळ तिने पुटपुटत म्हटली,

सुई गं चालली, मागे दोरा ओढीत

आणि दुसरी ओठ मिटून नुसती गुणगुणली.

"दुसऱ्या ओळीला शब्द नाहीत?"

"आहेत की. पण ती ओळ यायची वेळ आणि टाचण्या तोंडात घ्यायची वेळ एकच. पोरीला कधी म्हणून दाखवलीच नाही." बाई गाठीकडे बघत राहिली. मग तिने ती ओळ म्हटली, गाऊन नाही, नुसती सांगितली:

जाते तिला जाऊ द्यावं, गाठ नाही मारीत.

"माझ्या आईची," ती म्हणाली. "बायका काहीही म्हणतात शिवताना."

गाठ सुटली. चादर घसरून मशीनचं काळं अंग उघडं पडलं.

"कोर्टाचं झालं की टाचणीला काढून टाकणार तुम्ही?"

"हो."

"मग तिची जागा रिकामी होईल."

"होईल."

"तिथे माझी घाला."

"मावशी, रेकॉर्ड लागते. कार्यक्रम, साल, देश, काहीतरी. त्याशिवाय घेत नाहीत."

"टाचणीची होती रेकॉर्ड?"

ओळखवालीने पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता, तर बाईने खाकी कागदाचा एक तुकडा फाडून दिला. पण पहिलं वाक्य लिहितानाच बाईने तिला अडवलं.

"गोड लिहू नका. गोड नव्हता आवाज. चिरका होता. वर गेला की फाटायचा, आणि फाटला की ही हसायची, गाणं सोडून. लिहा तसं. दात पुढे. आणि 'सुप्रसिद्ध' वगैरे काही नको. ती वाचेल तर म्हणेल, ही कोण दुसरीच."

साहेबांनी केस जिंकली. त्या दिवशी पुन्हा चहा झाला. टाचणी सगळीकडून पुसली गेली, आणि नव्या गळाची वेळ आली.

ओळखवालीने कागद खोडरबरच्या टेबलावर ठेवला. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं:

"एक गायिका. नाव घरी माहीत आहे. आवाज चिरका, वरच्या सुरात फाटतो. फाटला की ती गाणं थांबवून हसते. आईच्या शिलाई मशीनवर ताल शिकली. एका गाण्याची शेवटची ओळ तिला कधी कळली नव्हती. ती ओळ अशी आहे: जाते तिला जाऊ द्यावं, गाठ नाही मारीत. आई अजून त्याच खोलीत, दुकानाच्या वर शिवते."

"रेकॉर्ड?"

"नाही."

"देश?"

"माहीत नाही."

"पुरावा काय मग?"

"तिची आई."

चहा आला, खोडरबरने घेतला नाही.

"खरी असेल तर मी पास करू शकत नाही," तो म्हणाला. "खऱ्याला पुरावा लागतो. खोट्याला मी बघतच नाही. तो गळ."

"मग खोटी समजा."

"आणि साहेब?"

"त्यांना गळ हवाय. हा गळ आहे. चोरांनी चोरावा म्हणूनच घालतो ना आपण? मला तर वाटतं, सगळ्यांनी चोरावा. जगातल्या एकूण एक चोराने."

खोडरबरने कागद समासात काही न लिहिता उजवीकडच्या ढिगावर ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "'दात पुढे' राहिलं लिहायचं. मागे जोडलेल्या खाकी कागदावर आहे, इथे उतरवलं नाहीस." तिने ते उतरवलं.

मग ती ओळख जगात गेली. विमानांत गेली, लिफ्टमध्ये वाजली, अनोळखी भाषांमध्ये शिरली. आणि लोकांनी ती चोरली. ओळखवाली रोज सकाळी कामाआधी शोधायची आणि रोज कुठेतरी नवी नक्कल सापडायची. चोरणारे आपल्या पदरचं घालतच होते. एकाने तिला वाळवंटात पाठवलं. एकाने तिच्या हातात गिटार दिली. एकाने लिहिलं, ती आता गात नाही. हे वाचून ओळखवालीने टेबलावर डोकं ठेवलं होतं आणि खोडरबरने येऊन पडदा बंद केला होता. तिच्याकडून मात्र, त्या खऱ्या मुलीकडून, काही आलं नाही. ना फोन, ना निरोप.

एका दुपारी कचेरीत फोन आला. मागे मशीनची टकटक चालू होती.

"मी बोलतेय गं. कामात होतीस का?"

"नाही, मावशी. बोला."

"दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, त्याने फोनमध्ये दाखवलं. नवीनच आहे, तू बघितलंस का माहीत नाही." टकटक थांबली. "त्यात लिहिलंय, तिला मुलगी झालीय."

ओळखवालीने ते सकाळीच वाचलं होतं. कोणी लिहिलं, कोणावरून उचललं, कुठल्या ओळीत काय वाढवलं, सगळं तिला ठाऊक होतं.

"मावशी, ते लोक ना, आपल्या मनाचं—"

"माहितीये मला. कसं करतात ते तूच नाही का दाखवलंस, होडीवाला करून." पुन्हा मशीन सुरू झाली, हळू, एकेक टाका. "तरी म्हटलं, तुला सांगावं. दुसऱ्या कोणाला सांगू?"

ओळखवाली टाके ऐकत राहिली. तिला वाटलं, आता मावशी फोन ठेवतील. मग पलीकडून आवाज आला, जरासा कुरकुरता, कामात काही राहून गेल्यासारखा.

"नाव काय ठेवलं ते मात्र नाही दिलं त्यांनी."